शाळेतला पोषण आहार तपासायचा कसा? पालकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

पालक शाळेत खिचडी तपासायला येतात ते बहुतेक वेळा दुपारी, पंगत बसल्यावर. ताटलीतला एक घास चाखतात, "पातळ आहे", "चव नाही" म्हणतात, फोटो काढतात आणि गावच्या ग्रुपवर टाकतात. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीण मावशी रडकुंडीला आलेल्या असतात, मुख्याध्यापक चिडलेले असतात, आणि पातेल्यात डाळ पूर्वीइतकीच पडते.

मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत सहा वर्षं शाळा व्यवस्थापन समितीची पालक सदस्य आहे. पहिल्या वर्षी मीही दुपारीच जायचे. मग एका शिक्षकांनी मला वजनकाट्यापाशी नेलं आणि तेव्हा कळलं की शिजलेल्या खिचडीवरून डाळ किती पडली हे कुणालाच सांगता येत नाही. तपासायचं ते पातेलं चुलीवर चढण्याआधी. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती आहेत, आणि त्यांचा क्रम बदलला तर कष्ट वाया जातात.

हा लेख सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका-महापालिका आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या (आणि जिथे बालवाटिका, म्हणजे पहिलीआधीचा वर्ग, आहे तिथल्या) मुलांच्या पालकांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळा या योजनेत येत नाहीत.

## टप्पा १: नियम आणि दर आधी घरी समजून घ्या

योजनेचं आजचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, म्हणजे पीएम पोषण. गावात सगळे "खिचडी"च म्हणतात, कागदावर "शालेय पोषण आहार" असतं. तिन्ही एकच.

एका मुलामागे रोजचं कच्च्या धान्याचं माप असं आहे:

- पहिली ते पाचवी: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ-कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत.
- सहावी ते आठवी: तांदूळ १५० ग्रॅम, डाळ-कडधान्य ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा डाळीचा. लहान मुलाच्या १२ ग्रॅम प्रथिनांपैकी सात-एक ग्रॅम तांदळातूनच येतात, पाच-एक ग्रॅम डाळीतून. तांदूळ कधी कमी पडत नाही, कारण पोतं समोर असतं आणि भात कमी झाला की मुलं लगेच ओरडतात. डाळ निम्मी झाली तर मात्र कुणी ओरडत नाही. पोट भरतं, पण प्रथिनं दहा ग्रॅमच्याही खाली जातात. तिखट, पाणचट, बेचव या तक्रारी मागून. आधी डाळ.

पैशाचं गणितही माहीत हवं. तांदूळ शासनाकडून येतो, त्याचा खर्च यात धरत नाहीत. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी केंद्राने ठरवलेला दर १ मे २०२५ पासून प्राथमिकला प्रत्येक मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे असा आहे. त्याआधी १ डिसेंबर २०२४ पासून तो ६.१९ आणि ९.२९ होता. यातला काही भाग पुरवठादाराकडून येणाऱ्या मालाचा असतो, काही शाळेत खर्च होणाऱ्या भाजीपाला-इंधनाचा. तुमच्या शाळेत हा भाग कसा पाडला आहे ते मुख्याध्यापकांना विचारा. जुना दर धरून भांडायला जाऊ नका. जुने आकडे अजून फोनवर फिरतात.

### मेनूमध्ये नेमकं काय बदललं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ द्यायचं ठरवलं. जून २०२४ मध्ये मेनूची यादी वाढली आणि ताटात भाताच्या जोडीला कडधान्य व गोड पदार्थ आला. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने यात पुन्हा बदल केला: अंडं आणि खीर, नाचणी सत्त्व यांसारखे गोड पदार्थ ऐच्छिक झाले, आणि अंडी व साखर यांसाठी राज्याकडून मिळणारा वेगळा पैसा थांबला. ते द्यायचं असेल तर शाळेने लोकसहभागातून उभं करायचं.

व्हेजिटेबल पुलाव, मसाले भात, मटार पुलाव, मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, चणा पुलाव, सोयाबीन पुलाव, मसूर पुलाव, मूग-शेवगा वरण आणि भात हे पदार्थ यादीत राहिले. प्रत्येकात काही ना काही डाळ, कडधान्य किंवा भाजी आहे, त्यामुळे काय पडलं पाहिजे ते नावावरूनच कळतं.

नेहमीची चूक: "सरकारने अंडं दिलंय आणि शाळा खाते" असा आरोप. आज तो बहुतेक ठिकाणी चुकीचा ठरतो, कारण त्यासाठी पैसाच येत नाही. बाजारात एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं, म्हणजे लहान मुलाच्या पूर्ण दिवसाच्या दराइतकं. अंडं हवं असेल तर त्याची वाट वेगळी आहे. ती टप्पा ७ मध्ये सांगितली आहे.

पुढे जाण्याआधी पाहा: शाळेच्या भिंतीवर आठवड्याचा मेनू लावलेला आहे का? नसेल तर पहिली विनंती तीच करा. त्याला खर्च येत नाही आणि कुणाचा मानही दुखावत नाही.

## टप्पा २: कोण म्हणून जाणार ते ठरवा

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आहारावर देखरेख हे या समितीचं काम आहे. तुम्ही सदस्य असाल तर थेट जा. नसाल तर एका सदस्याला बरोबर घ्या.

मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी फक्त एवढंच सांगा: "सर, उद्या सकाळी धान्य काढताना मी थांबते." अचानक जाऊन कुणाला पकडण्याची गरज नसते. महिन्यातून चार दिवस, वेगवेगळ्या वारी, आधी सांगून गेलात तरी काटा खोटं बोलत नाही. उलट, आधी कळवल्यामुळे त्या दिवशी नीट वजन होतं आणि तीच सवय पुढे टिकते.

बरोबर न्यायच्या वस्तू: वही, पेन, साधा खिशातला स्प्रिंग काटा (दहा किलोपर्यंतचा चालतो), हात धुवायला साबणाची वडी. केस बांधा, अंगठ्या-बांगड्या काढा, चपला बाहेर.

इशारा: फोनने मुलांचे फोटो काढू नका. जेवणाचा फोटो हवाच असेल तर पातेल्याचा किंवा काट्याचा काढा. मुलांचे चेहरे नकोत.

## टप्पा ३: तीन आकडे वेगळे ठेवा

पट, हजेरी आणि लाभार्थी. लोक हे तीन एकच समजतात आणि तिथेच हिशेब फसतो.

पट म्हणजे नाव दाखल असलेली मुलं. हजेरी म्हणजे आज आलेली. लाभार्थी म्हणजे आज प्रत्यक्ष जेवलेली. माप हजेरीवर निघतं. खर्च जेवलेल्या मुलांवर लागतो, आणि ऑनलाइन रोज भरली जाते ती हीच संख्या. हजेरी १३० आणि लाभार्थी १३० असं महिनाभर दिसलं तर ते तपासायचं, कारण रोज दोन-चार मुलं घरून डबा आणतात, एखादं आजारी असतं.

आता एक उदाहरण घेऊ. पहिली ते पाचवीची ८४ मुलं हजर, सहावी ते आठवीची ४६. म्हणजे:

- तांदूळ: ८.४ किलो आणि ६.९ किलो, एकूण १५.३ किलो
- डाळ-कडधान्य: १.६८ आणि १.३८, एकूण ३.०६ किलो
- भाजी: ४.२ आणि ३.४५, एकूण ७.६५ किलो
- तेल: ४२० ग्रॅम आणि ३४५ ग्रॅम, एकूण ७६५ ग्रॅम

तेलाबद्दल एक बारीक गोष्ट. तेल मापाने ओततात, वजनाने नाही. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१५ ग्रॅम भरतं, त्यामुळे ७६५ ग्रॅम म्हणजे सुमारे ८३५ मिलिलिटर. लिटरची अख्खी पिशवी रिकामी झाली असेल तर ते जास्तच पडलं.

ही बेरीज सकाळी घरी करता येत नाही, कारण हजेरी परिपाठानंतर कळते. म्हणून वहीत आधीच कोष्टक आखून ठेवा आणि शाळेत फक्त दोन आकडे भरा.

## टप्पा ४: कोठी पाहा

हजेरीचा आकडा आला की लगेच पातेल्याकडे जायचं नाही, आधी कोठीत जायचं.

पोती जमिनीवर टेकलेली नकोत, फळीवर हवीत, भिंतीपासून वीतभर दूर. उंदराची लेंडी, ओल, किडा दिसतो का ते पोत्याच्या तळाशी बघा, वर नाही. आधी आलेलं पोतं आधी वापरलं जातंय का? नवीन पोतं उघडं आणि जुनं कोपऱ्यात पडलेलं, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. मीठ, हळद, तिखट, मसाला यांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचा, मीठ आयोडिनयुक्त आहे ना ते पाहा.

### तांदळातले पांढुरके दाणे फेकू नका

हा स्वतंत्र विषय आहे, कारण दर काही महिन्यांनी गावात "प्लास्टिकचा तांदूळ आला" अशी हाकाटी उठते आणि मुलं खिचडीला हात लावत नाहीत. आमच्याकडे दोन दिवस पातेली तशीच परत गेली होती.

असे पांढुरके दाणे दिसले तर तो तांदूळ फोर्टिफाइड म्हणजे पोषणयुक्त केलेला असतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी १२ मिसळून तांदळासारखेच दाणे तयार करतात आणि १०० किलो साध्या तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळतात. ते दाणे थोडे अपारदर्शक, कधी पिवळसर दिसतात, पाण्यात काही वर तरंगतात. निवडताना मावश्या नेमके तेच खडा समजून फेकतात आणि ज्यासाठी ते घातले तेच निघून जातं. त्यांना समजावून सांगा: निवडायचे नाहीत, तांदूळ चोळून चोळून चार पाण्यांत धुवायचा नाही, एक-दोनदा हलकेच धुवायचा.

इशारा: मुलाला सिकल सेल किंवा थॅलेसेमिया असेल तर लोह घातलेल्या अन्नाबद्दल डॉक्टरांशी बोला आणि त्यांनी सांगितलेलं शाळेला लेखी कळवा. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

इशारा: तेलाचे, पाण्याचे डबे आधी कशाचे होते ते विचारा. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामण गावी शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. औषधाचा रिकामा डबा धुऊन घेतला तरी शाळेच्या कोठीत नको, आणि फवारणीची औषधं कोठीत एक मिनिटही ठेवायची नाहीत.

### साठा जुळतो का

उदाहरणातली शाळा रोज १५.३ किलो तांदूळ वापरते. महिन्यात २२ दिवस शाळा भरली तर ३३७ किलो, म्हणजे पन्नास किलोची जवळजवळ सात पोती. साठा नोंदवहीत महिन्याच्या सुरुवातीला किती पोती होती, किती आली आणि आज किती उभी आहेत, हे मोजा. एखादं पोतं इकडेतिकडे झालं तर लगेच चोरी म्हणू नका. वजनात तूट येते, पोतं फाटतं. तीन महिने सलग एकाच दिशेने फरक दिसला तर मात्र बोला.

## टप्पा ५: काट्यापाशी उभे राहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचं घाईत उरकलं तरी चालेल.

आमच्या शाळेत एक वर्ष डाळ कमी पडत होती आणि कुणाला कारण सापडत नव्हतं. मावशी प्रामाणिक होत्या, सर प्रामाणिक होते. शेवटी कळलं की डाळ काढायचं पितळी माप "एक किलोचं" म्हणून वापरात होतं. आम्ही ते काट्यावर घातलं तर त्यात डाळ मावत होती सातशे ग्रॅम. तीन मापं म्हणजे तीन किलो समजत होते, पडत होती दोन किलो शंभर ग्रॅम. कुणी एक दाणाही घरी नेला नव्हता. मुलांच्या ताटातून मात्र रोज जवळजवळ एक किलो डाळ कमी होत होती.

म्हणून क्रम असा:

१. रिकाम्या भांड्याचं वजन आधी करा.
२. तांदूळ, डाळ, भाजी तिन्ही वेगवेगळी मोजा. एकत्र कधीच नाही.
३. भाजी चिरण्याआधीचं आणि चिरल्यानंतरचं, दोन्ही वजनं लिहा. शेवग्याच्या शेंगा, मटार, फ्लॉवर यांत टाकाऊ भाग बराच निघतो. साडेसात किलो आणलेल्या मटाराच्या शेंगांतून साडेसात किलो दाणे निघत नाहीत.
४. कडधान्य भिजवायचं असेल तर कोरडं वजन धरा. भिजलेली मटकी दुपटीच्या आसपास जड होते. भिजल्यावर मोजून "तीन किलो आहे" म्हणणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक.
५. आकडे तिथेच लिहा आणि शिक्षक व मावशी दोघांना दाखवा.

पुढे जाण्याआधी पाहा: शाळेत चालू काटा आहे का? नसेल तर पाच-सात पालकांनी मिळून घेऊन द्या. या कामात त्याच्याइतका उपयोगी पैसा दुसरा नाही.

कोरड्या मापावर भर द्या, ताटलीवर नको. "माझ्या मुलीला शंभर ग्रॅम मिळालंच नाही" असं काही पालक म्हणतात. शंभर ग्रॅम ही सरासरी आहे आणि ती कच्च्या तांदळाची. शिजल्यावर त्याचा अडीच-तीनपट भात होतो. पहिलीतली मुलगी त्याच्या निम्माही खात नाही, पाचवीतला मुलगा दोनदा मागून घेतो. दोघांची पोटं भरली की माप बरोबर.

### शहरातल्या पालकांसाठी

महापालिकेच्या हद्दीत जेवण बहुतेक वेळा केंद्रीय स्वयंपाकगृहातून किंवा महिला बचत गटाकडून डब्यांत येतं. तिथे सकाळचं वजन तुमच्या हातात नसतं. तुम्ही एवढं करा: डबे किती वाजता आले, झाकण घट्ट होतं का, उघडताना वाफ आली का, हे लिहा. अन्न मुलांना वाढेपर्यंत ६५ अंशांच्या वर राहायला हवं. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर याला पुरतो. कोमट पुलाव हा चवीचा प्रश्न नाही. गरम हवेत अर्धवट निवलेला भात पोट बिघडवतो.

## टप्पा ६: शिजवणं आणि चव

इथे लुडबुड करू नका. मावश्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. सव्वाशे मुलांची खिचडी घरच्या कुकरच्या अंदाजाने होत नसते. नियमाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि पुढे प्रत्येक शंभरामागे एक स्वयंपाकी-मदतनीस हवी. १३० मुलांच्या शाळेत तीन हव्यात. एकच असेल तर तिच्या कामात खोट काढण्याआधी बाकीच्या दोन का नाहीत ते विचारा. त्यांना महिन्याला मिळतात अडीच हजार रुपये, तेही बऱ्याचदा उशिरा.

पाहायचं ते एवढंच: पिण्याचंच पाणी स्वयंपाकाला आहे ना, पातेल्यावर झाकण आहे ना, भाजी चिरण्याआधी धुतली का (चिरल्यावर धुतली की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात), आणि तेल धुरकट होईपर्यंत तापवत नाहीत ना.

मोड आलेल्या कडधान्यासाठी मात्र वेळापत्रक हवं. बुधवारी मटकीची उसळ असेल तर सोमवारी संध्याकाळी भिजत घालायची, मंगळवारी सकाळी निथळून फडक्यात बांधायची, बुधवारी सकाळी शिजवायची. मंगळवारी संध्याकाळी आठवण झाली तर मोड येत नाहीत आणि उसळ दडदडीत राहते. मोड चांगले पूर्ण शिजवायचे, अर्धे कच्चे नकोत. मेनूच्या कागदावर त्या त्या दिवसाखाली "भिजवा" असं लाल पेनाने लिहून ठेवा. साधी गोष्ट आहे, पण आमच्याकडे तिनेच फरक पडला.

### चव नोंदवही

जेवण वाढण्याआधी साधारण अर्धा तास दोन-तीन मोठ्या माणसांनी ते चाखायचं, त्यांत किमान एक शिक्षक. नोंदवहीत वेळ, नाव, सही. तुम्ही हजर असाल तर तुम्हीही खा आणि सही करा.

नेहमीच्या चुका: एकाच दिवशी पूर्ण आठवड्याच्या सह्या करणं. पंगत उठल्यावर चाखणं. आणि "चांगली", "चांगली", "चांगली" एवढंच लिहिणं. मीठ कमी असेल तर "मीठ कमी, वाढण्याआधी घातलं" असं लिहा. खऱ्या नोंदवहीत अशा ओळी सापडतात.

चाखल्यानंतर वाटीभर अन्न स्वच्छ झाकणाच्या डब्यात तारीख लिहून दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवा, शक्यतो थंड जागी. मुलांना काही त्रास झालाच तर तपासणीला तोच नमुना लागतो.

## टप्पा ७: पंगत, आणि अंड्याची वाट

आधी हात. साबणाने, वाहत्या पाण्याखाली. एकाच घंगाळात शंभर मुलांनी हात बुडवणं म्हणजे हात धुणं नव्हे.

मुलं एका रांगेत, एकत्र बसतात का ते पाहा. कुणाची ताटली वेगळी, कुणाची जागा कडेला, असं दिसलं तर ते त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. या एका गोष्टीत पुढच्या बैठकीची वाट पाहू नका.

काय उरतं तेही बघा. दर वेळी सोयाबीन पुलावाच्याच दिवशी ताटल्यांत वड्या उरत असतील तर त्या नीट भिजवून, पिळून, परतून घेतल्या जात नसाव्यात. मुलांनाच विचारा. ती खरं सांगतात.

अंडं किंवा फळ सुरू करायचं असेल तर असं करा. समितीच्या बैठकीत ठराव घ्या. आठवड्यात एक दिवस ठरवा. वर्षातल्या आठवड्यांची यादी करा आणि प्रत्येक आठवडा चार घरांना मिळून द्या: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आजोबांचं वर्षश्राद्ध. १३० अंडी साधारण आठशे-नऊशे रुपयांत येतात. एकट्याला जड, चार घरांना हलकं. पैसे रोख कुणाच्या हातात देऊ नका, अंडीच आणून द्या आणि साठा नोंदवहीत चढवून घ्या. पाण्यात तरंगणारं अंडं बाजूला काढा. ज्या घरांत अंडं चालत नाही त्या मुलांना त्याच पंगतीत केळं द्या आणि ते वाढताना पुकारा करू नका.

राज्यात स्नेहभोजन नावाने गावकरी मुलांना जेवण देऊ शकतात. त्यालाही नियम आहे: ते रोजच्या आहाराला जोड म्हणून असतं, त्याच्या जागी नाही.

इशारा: रात्रीच्या लग्नातलं उरलेलं जेवण सकाळी शाळेत आणून देणं म्हणजे स्नेहभोजन नाही. कितीही प्रेमाने आणलं तरी परत पाठवा.

## टप्पा ८: तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने

मुलांना उलट्या, चक्कर, पोटात कळा असं काही झालं तर हा टप्पा लागत नाही. आधी १०८ ला फोन, दवाखाना, जेवण थांबवणं, नमुना जपणं. पातेली घासू देऊ नका. कागद नंतर.

एरवी क्रम असा ठेवा. तीन दिवसांची वजनं वहीत असल्याशिवाय तोंड उघडू नका. मग मुख्याध्यापकांशी बोला, एकट्याने, दाराआड. दहातल्या आठ गोष्टी इथेच सुटतात. आठ-दहा दिवसांत फरक नाही दिसला तर समितीच्या बैठकीत विषय मांडा आणि इतिवृत्तात आकडे लिहून घ्या. तिथून केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि शालेय पोषण आहाराचे अधीक्षक, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). प्रत्येक अर्जाची पोच घ्या. नोंदवह्या दाखवत नसतील तर दहा रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्जात "आहार निकृष्ट आहे" असं लिहू नका. असं लिहा: "अमुक तारखेला हजेरी १३०, डाळ ३.०६ किलो हवी, प्रत्यक्ष २.१ किलो." पहिल्या वाक्यावर चौकशी होते, दुसऱ्यावर डाळ वाढते.

जेवण शिजलंच नाही अशा दिवसांसाठी २०१५ चे केंद्राचे नियम आहेत. धान्य, पैसा, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही तर मुलाला धान्य आणि खर्चाच्या रूपात अन्न सुरक्षा भत्ता मिळतो, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात एकूण पाच दिवस जेवण नसेल तर जबाबदारी निश्चित करून कारवाई करणं राज्यावर बंधनकारक आहे. म्हणून बंद दिवसांच्या तारखा कारणासकट लिहून ठेवा. "बरेच दिवस नव्हतं" असं सांगून भत्ता मिळत नाही.

## टप्पा ९: पुन्हा जा

तक्रार सुटल्यावर पालक यायचे थांबतात, आणि दीड-दोन महिन्यांत माप पुन्हा जुन्या जागी येतं. म्हणून तक्रार केली त्या दिवसापासून पंधराव्या दिवशी आणि पंचेचाळिसाव्या दिवशी परत काट्यापाशी उभे राहा. तीच वही, तेच कोष्टक. फरक पडला असेल तर तो मावशींना आणि सरांना दाखवा आणि समितीच्या इतिवृत्तातही लिहून घ्या. जूनमध्ये नवी समिती बसली, नवे मुख्याध्यापक आले, मावशी बदलल्या, की पहिल्या आठवड्यात वही त्यांच्या हातात द्या आणि डाळीचं माप त्यांच्यासमोर एकदा काट्यावर घाला.